कॉलऱ्याचे जंतू प्यायले आणि काहीच झालं नाही, मग या शास्त्रज्ञाने थेट आतड्यांचाच पिच्छा पुरवला

साल १८९२. फ्रान्समध्ये कॉलऱ्याची साथ होती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ४७ वर्षांचे एक शास्त्रज्ञ कॉलऱ्याचे जिवंत जंतू चक्क पिऊन बसले.

त्यांचं नाव एली मेचनिकॉफ. बाबांना काहीच झालं नाही.

मग एका स्वयंसेवकाने तोच प्रयोग केला, तोही ठणठणीत. दुसऱ्या स्वयंसेवकाने केला आणि तो मात्र मरता मरता वाचला.

जंतू तेच, मग एकाला काहीच नाही आणि दुसऱ्याचा जीव जायची वेळ, असं का? मेचनिकॉफ यांना शंका आली की उत्तर पोटात आधीपासून राहणाऱ्या जंतूंमध्ये आहे. प्रयोगशाळेत कॉलऱ्याचे जंतू इतर जंतूंसोबत वाढवल्यावर दिसलं की काही जंतू त्यांना दाबतात आणि काही त्यांना बळ देतात.

आता थोडं मागे जाऊ.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकिव्हजवळचा. पहिली बायको क्षयाने गेली तेव्हा ते स्वतःच्याच जिवावर उठले होते, थोडक्यात बचावले. पुढे दुसरं लग्न झालं ते ओल्गा यांच्याशी.

१८८२ मध्ये ते इटलीतल्या मेसिनाला होते. घरचे सगळे सर्कशीला गेलेले आणि हे एकटे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. पारदर्शक अशा तारामाशाच्या अळीत त्यांनी काटा टोचला. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला! शरीरातल्या काही पेशी घुसखोरांना गिळतात, हा शोध इथून निघाला. त्यासाठी १९०८ चं नोबेल मिळालं, पॉल एर्लिक यांच्यासोबत विभागून.

(मुंबईचा संबंध असा की ओडेसात त्यांच्या हाताखाली शिकलेले वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत आले आणि प्लेगची लस त्यांनी इथेच तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.)

उतारवयात मेचनिकॉफ यांनी आतडी पुन्हा धरली आणि इथे त्यांचा तोल थोडा गेला. त्यांचं म्हणणं असं की मोठं आतडं जवळपास निरुपयोगी, तिथले जंतू अन्न सडवतात आणि त्या विषाने माणूस म्हातारा होतो. उपाय काय, तर आंबवलेलं दूध. बल्गेरियातल्या दह्याचा जंतू नुकताच सापडला होता. मेचनिकॉफ स्वतः रोज असं दूध पिऊ लागले आणि युरोपभर दह्याची लाट आली. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाच्या सर्जनने तर असल्या विचारांच्या आधारावर रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढायला सुरुवात केली.

पुढे कळलं की तो बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करतच नाही.

मेचनिकॉफ १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहेत.

पण कॉलऱ्याच्या वेळची त्यांची शंका खरी निघाली. त्यांच्यानंतर वर्षभरातच जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसल यांनी, सोबत्यांना पोटाचा संसर्ग झाला तरी धडधाकट राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय या जंतूचा एक निरुपद्रवी वाण वेगळा काढला. अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत ठेवण्यासाठी काही देशांत तो आजही देतात.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या आजारांत मेचनिकॉफ यांचे दोन्ही शोध एकमेकांना भिडतात. आतड्याच्या भिंतीतल्या गिळणाऱ्या पेशी एरवी शेजारच्या जंतूंकडे काणाडोळा करतात. या आजारांत तो समझोता मोडतो, पेशी भडकतात आणि जंतूंचे प्रकारही कमी झालेले दिसतात. २००१ मध्ये क्रोन्सशी जोडला गेलेला पहिला जनुक सापडला, त्याचं कामच जंतूच्या भिंतीचे तुकडे ओळखणं हे आहे.

म्हणूनच वाटीभर दह्याने हे आजार बरे होत नाहीत आणि औषधं बंद करून दह्यावर राहणं महागात पडतं.