आधी धर्म, मग भोग

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

नीतीनं वागणाऱ्याला सुख मिळतंच का? उतारवयात हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. अशा वेळी प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी महाराजांचे चरित्र आठवावे.

महाराजांचा जन्म १८५४ साली सावंतवाडीजवळ माणगावी झाला. घरची गरिबीच. आजोबा हरिभटजींनी वेदविद्या शिकवली, ज्योतिषही उत्तम येई. विद्येच्या बळावर चार पैसे गाठीला बांधणे अवघड नव्हते. पण १८८३ साली माणगावी दत्तमंदिर उभे करून त्यांनी सात वर्षे सेवा केली, आणि देवाची आज्ञा होताच पत्नी अन्नपूर्णाबाईंसह घर सोडले.

एवढ्या सेवेचे फळ काय मिळाले? मूल जगले नाही. १८९१ साली गोदातीरी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई पटकीने गेल्या. त्यांचे उत्तरकार्य करून महाराजांनी तिथेच संन्यास घेतला. दंड उज्जैनीस नारायणानंद सरस्वतींकडून घेतला. पुढे हरिद्वार, द्वारका, तंजावर सारे पायीच. जेवण भिक्षेचे, आणि संग्रहणीचे दुखणे कायम सोबतीला. म्हणजे पुण्य केलं की सुखसोयी आपोआप येतात, असा हिशेब इथे जमत नाही.

मग महाराजांनी सुखाकडे पाठ फिरवली का? तसेही नाही. १९११ साली कुरवपूरच्या चातुर्मासात त्यांनी घोरकष्टोद्धरण स्तोत्र रचले. त्यात देवाकडे काय मागितले आहे, ते नीट पाहा. धर्माची आवड, चांगली बुद्धी, देवभक्ती आणि सत्संग आधी मागितला, आणि मग भोग व मोक्ष दोन्ही मागितले. प्रपंचातल्या माणसाला दोन घास गोड लागावेत, नातवंडं सुखात असावीत, यात गैर काहीच नाही. फक्त क्रम चुकता कामा नये. भोग आधी धरला तर तो हातचा गेला की माणूस कोसळतो. धर्म आधी धरलेला असेल तर मिळालेले गोड लागते, आणि नाही मिळाले तरी मन मोडत नाही. महाराजांचे मन मोडले नाही, त्यांच्या हातून स्तोत्रे-ग्रंथ घडतच राहिले.

१९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेस नर्मदाकाठी गरुडेश्वरी महाराज समाधिस्थ झाले. मागे ना पैसा, ना इस्टेट. पण त्यांची करुणात्रिपदी आजही दत्तमंदिरांतून रोज म्हटली जाते.

यंदाच्या दत्तजयंतीला देवापुढे उभे राहून मागणे मागताना हा क्रम तेवढा ध्यानात ठेवू या.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥