विश्लेषण : स्पिटफायर विमानाच्या चाकांपासून घडीच्या बाबागाडीपर्यंत... कोण होते ओवेन मॅक्लारेन? बाबागाडी घेताना त्यांच्याकडून काय शिकता येईल?

घरात बाळ येणार म्हटले की खरेदीच्या यादीत बाबागाडी असतेच. दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला गेले की प्रॅम, स्ट्रॉलर, बगी अशी नावे आणि दोन-अडीच हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढे जाणाऱ्या किमती पाहून गोंधळ उडतो. यातील छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी जगभर सर्वाधिक ओळखीची आहे. ती ज्यांनी तयार केली ते ब्रिटिश अभियंता ओवेन फिनले मॅक्लारेन हे मुळात विमानांच्या क्षेत्रातले. त्यांनी नेमका कोणता प्रश्न सोडवला आणि कोणता सोडवला नाही, हे समजले तर गाडीची निवड बरीच सोपी होते.

मॅक्लारेन कोण होते?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेले मॅक्लारेन वैमानिक अभियंता होते. नव्या विमानांची उड्डाण चाचणी घेणारे वैमानिक म्हणूनही त्यांनी काम केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बचावात महत्त्वाची भूमिका बजावणाऱ्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या लँडिंग गिअरच्या, म्हणजे उतरताना विमानाचा भार पेलणाऱ्या चाकांच्या रचनेचे श्रेय त्यांना दिले जाते. स्पिटफायरने मार्च १९३६ मध्ये पहिले उड्डाण केले. या प्रकारची २० हजारांहून अधिक विमाने पुढे तयार झाली. आडव्या वाऱ्यात विमान सुरक्षित उतरावे यासाठी चाकांची दिशा बदलता येईल, अशा लँडिंग गिअरवरही मॅक्लारेन यांनी १९३० च्या दशकात काम केले होते.

लँडिंग गिअरचा आणि बाबागाडीचा संबंध काय?

लँडिंग गिअर हा विमानाचा विचित्र भाग आहे. उड्डाणाच्या जवळपास संपूर्ण काळात तो निरुपयोगी असतो. बाहेर राहिला तर हवेचा अडथळा वाढतो, वजन जास्त झाले तर विमानाची क्षमता घटते. मात्र उतरण्याच्या काही सेकंदांत संपूर्ण विमान त्याच्यावरच टेकते. त्यामुळे तो हलका हवा, कमी जागेत मिटायला हवा आणि उघडल्यावर पक्का लॉक व्हायला हवा. स्पिटफायरचे पंख पातळ होते, त्यात चाके बसवणे ही आणखी एक अडचण होती.

आता घरातल्या बाबागाडीकडे पाहा. बाळ बसलेले असताना ती मजबूत हवी. बाळ कडेवर असताना, जिन्यात, बसमध्ये किंवा दाराच्या मागे मात्र ती केवळ अडगळ असते. अभियांत्रिकीच्या भाषेत दोन्हीकडच्या अटी सारख्याच आहेत. फरक इतकाच की गाडी मिटवणाऱ्या माणसाचा एकच हात मोकळा असतो.

त्याआधी बाबागाड्या कशा होत्या?

१७३३ मध्ये विल्यम केंट या इंग्लिश वास्तुरचनाकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची छोटी गाडी तयार केली. ती बकरीने किंवा लहान घोड्याने ओढायची होती. एकोणिसाव्या शतकात ओढण्याऐवजी मागून ढकलायच्या गाड्या आल्या. व्हिक्टोरिया राणीने आपल्या मुलांसाठी अशा गाड्या घेतल्यानंतर श्रीमंत घरांत त्यांची चलती झाली. १८७७ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे सिल्व्हर क्रॉस ही प्रसिद्ध कंपनी सुरू झाली. १८८९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने बाळाचे तोंड पालकाकडे किंवा रस्त्याकडे फिरवता येईल अशा गाडीचे पेटंट घेतले.

या गाड्या बाळासाठी आरामदायी होत्या. मोठी चाके, स्प्रिंगा, खोल पाळणा, बाळाला आडवे झोपायला भरपूर जागा. मात्र त्या जड आणि अवजड होत्या. घरासमोर बाग आणि गाडी ढकलायला आया असलेल्या कुटुंबाला त्याची अडचण नव्हती. बसने बाजारात जाणाऱ्या आणि दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आईला मात्र ही गाडी सोबत नेणे अवघड होते.

बाबागाडीची कल्पना कशी सुचली?

विमान क्षेत्रातील कामानंतर मॅक्लारेन इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील बार्बी या गावी राहत होते. घडी होणाऱ्या वस्तूंची त्यांची आवड जुनीच. अँड्र्यूज मॅक्लारेन या त्यांच्या कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘गॅडअबाउट’ नावाची सहलीसाठीची घडीची खुर्ची बाजारात आणली होती.

त्याच दशकात त्यांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन परदेशातून इंग्लंडला आली. विमान प्रवासात अवजड बाबागाडीमुळे होणारी ओढाताण मॅक्लारेन यांनी पाहिली. खुर्चीसाठी वापरलेले घडीचे तंत्र आणि विमानांच्या हलक्या सांगाड्यांचा अनुभव त्यांच्याकडे होताच. त्यातून नातीसाठी नवी गाडी आकाराला आली. २० जुलै १९६५ रोजी त्यांनी ब्रिटनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९६८ मध्ये त्यांना अमेरिकेतील पेटंटही मिळाले.

या रचनेत नवे काय होते?

घडीच्या बाबागाड्या आधीही होत्या. मात्र त्या बहुतेक एकाच दिशेने मिटायच्या. पुस्तक मिटल्यासारखी गाडी चपटी व्हायची, पण रुंदी तेवढीच राहायची. मॅक्लारेन यांच्या गाडीत फुलीच्या आकारात जोडलेल्या नळ्या होत्या. कात्रीची पाती जवळ यावीत तशा त्या मिटत आणि त्याच हालचालीत गाडीची रुंदी आणि खोली दोन्ही कमी होत. मिटलेली गाडी लांबट जुडीसारखी दिसे आणि मोठ्या छत्रीप्रमाणे हातात अडकवता येई.

सांगाडा ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांचा होता. पोकळ नळी तेवढ्याच वजनाच्या भरीव दांड्यापेक्षा वाकण्याला जास्त विरोध करते. विमानांच्या सांगाड्यात याच गुणाचा वापर होतो. बैठकीला गादी किंवा लाकूड नव्हते, फक्त दोन बाजूंना ताणलेले पट्ट्यापट्ट्यांचे कापड. संपूर्ण गाडीचे वजन सहा पौंड, म्हणजे सुमारे २.७ किलो होते. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन बसमध्ये चढणे त्यामुळे शक्य झाले.

गाडी बाजारात कशी पोहोचली?

सुरुवातीचे उत्पादन बार्बीतील मॅक्लारेन यांच्या घराजवळच्या जुन्या तबेल्यात झाले. १९६७ मध्ये गाडी विक्रीला आली. पहिल्या वर्षी सुमारे एक हजार गाड्या तयार झाल्या. १९७६ पर्यंत वार्षिक उत्पादन सहा लाखांवर गेले. जवळच्याच लाँग बकबी येथे कारखाना उभा राहिला. अशाच सांगाड्यावर मोठ्या वयाच्या दिव्यांग मुलांसाठी ‘मेजर’ ही गाडीही कंपनीने बनवली. मॅक्लारेन यांना एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

हलकेपणासाठी कशावर पाणी सोडावे लागले?

कोणत्याही रचनेत एक गुण वाढवताना दुसरा कमी होतो. मॅक्लारेन यांनी वजन आणि घडी यांना प्राधान्य दिले. मूळ गाडीत बाळ आडवे झोपू शकत नव्हते. मान न धरलेल्या बाळासाठी अशी बैठक योग्य नाही. डोके पुढे झुकले तर श्वासमार्गावर दाब येऊ शकतो. त्यामुळे फक्त बसण्याची सोय असलेली गाडी साधारण सहा महिन्यांनंतर, बाळ आधाराने नीट बसू लागल्यावरच वापरावी, असे सांगितले जाते. जन्मापासून गाडी हवी असेल, तर पाठ पूर्ण आडवी होणारी बैठक किंवा पाळण्याची प्रॅम घ्यावी लागते.

दुसरी तडजोड तोंडाच्या दिशेची. छत्रीसारख्या मिटणाऱ्या बहुतेक गाड्यांत बाळाचे तोंड रस्त्याकडे असते. बैठक उलटी फिरवण्याची यंत्रणा बसवली, की वजन वाढते. २००८ मध्ये ब्रिटनमधील डंडी विद्यापीठाच्या एका अभ्यासात, बाळाचे तोंड पालकाकडे असेल तर पालक त्याच्याशी जवळपास दुप्पट बोलतात, असे दिसले होते. अभ्यास छोटा होता. तरीही अगदी लहान बाळाचा चेहरा दिसत राहणे पालकाच्या सोयीचेच असते.

बिजागरीचे प्रकरण काय होते?

मॅक्लारेन यांच्या निधनानंतर ३१ वर्षांनी, नोव्हेंबर २००९ मध्ये, त्यांच्या नावाच्या कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांबाबत अमेरिकेत इशारा देण्यात आला. १९९९ पासून विकल्या गेलेल्या या गाड्या उघडताना बिजागरीत बोट सापडून मुलांच्या बोटाचे टोक तुटल्याच्या १२ घटना अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नोंदवल्या होत्या. कंपनीने बिजागरीवर बसवायची आवरणे मोफत दिली.

कात्रीसारखी मिटणारी कोणतीही जोडणी कात्रीसारखी कापूही शकते. हा धोका एका ब्रँडपुरता नाही, स्वस्त नकलांमध्येही तो असतो. त्यामुळे गाडी उघडताना किंवा मिटवताना मूल हाताच्या अंतरावर येणार नाही, हे पाहणे प्रत्येक पालकासाठी आवश्यक आहे.

मग आज बाबागाडी निवडताना काय पाहावे?

मॅक्लारेन यांची सुरुवात गाडी मिटलेली असताना तिचे काय होते, या प्रश्नापासून झाली. खरेदीची सुरुवातही तिथूनच करता येईल.

- घर आणि जिना : लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर बाळाच्या वजनात गाडीचे वजन मिळवून पाहा. सात किलोचे बाळ आणि दहा किलोची गाडी रोज चढवणे एकट्या माणसाला शक्य आहे का?

- प्रवास : गाडी रिक्षात, लोकलमध्ये किंवा कारच्या डिकीत न्यायची असेल, तर मिटलेल्या अवस्थेतील लांबी-रुंदी विचारा. सीएनजी टाकी असलेल्या कारमध्ये डिकीची जागा आधीच कमी असते.

- रस्ता : लहान, कडक चाके मॉलमध्ये छान चालतात. आपल्याकडच्या उंच-सखल फूटपाथवर आणि पेव्हर ब्लॉकच्या फटींत ती अडकतात. रोज बाहेर चालायला जाणार असाल, तर मोठी चाके आणि स्प्रिंगा यासाठी थोडे जास्त वजन स्वीकारणे शहाणपणाचे ठरते. मात्र रोजचा रस्ता इतका खराब असेल, की गाडी सतत उचलूनच घ्यावी लागेल, तर आधी झोळी किंवा बेबी कॅरिअरचा विचार करा.

- वय : सहा महिन्यांच्या आत वापरायची असेल, तर पाठ पूर्ण आडवी होणे ही पहिली अट. गाडीत बाळाला झोप लागली तरी ती रोजच्या झोपेची जागा नव्हे. घरी आल्यावर त्याला सपाट, कडक गादीवर पाठीवर झोपवावे.

- पट्टा, ब्रेक आणि लॉक : दोन्ही खांदे, दोन्ही बाजूंची कंबर आणि पायांच्या मधून येणारा पाच टोकांचा पट्टा हवा. ब्रेक लावून दुकानातच गाडी ढकलून पाहा. उघडल्यावर मुख्य लॉकसोबत दुसरे सुरक्षा लॉकही असावे आणि ते बसल्याचे स्पष्ट कळावे.

- मानक : युरोपात बाबागाड्यांसाठी ईएन १८८८ हे मानक आहे. त्याच्या पहिल्या भागात १५ किलोपर्यंतच्या, तर दुसऱ्या भागात २२ किलोपर्यंतच्या मुलांसाठीच्या गाड्या येतात. लेबलवर कोणते मानक आणि किती वजनमर्यादा लिहिली आहे, ते वाचा.

खरेदीनंतर कोणती काळजी घ्यावी?

हलक्या गाडीच्या दांड्याला भाजीच्या पिशव्या अडकवू नका. गाडीचे स्वतःचे वजन कमी असल्याने मागे लटकलेले चार-पाच किलो तिचा तोल बदलू शकतात. बाळाला उचलताच गाडी मागे कलंडते आणि कधी बाळासकट पडते. सामान बैठकीखालच्या टोपलीत ठेवावे. उन्हात गाडीवर जाड कापड टाकू नये. त्यामुळे हवा खेळत नाही आणि आतले तापमान वाढते. दर महिन्याला स्क्रू, लॉक, ब्रेक आणि बिजागऱ्या तपासाव्यात.

नातेवाइकांकडून वापरलेली गाडी घेण्यात गैर काही नाही. मात्र घेण्यापूर्वी ती चार-पाच वेळा स्वतः उघडून-मिटवून पाहा. हे करताना एका हातात बाळाच्या वजनाची पिशवी धरा. ज्या आईला किंवा आजीला रोज एकटीने गाडी बाहेर काढायची आहे, तिलाच ही चाचणी करू द्या. तिला ती जमली नाही, तर गाडी कितीही चांगली असली तरी दाराच्या मागेच पडून राहील आणि तिचे बाळासह घराबाहेर पडणेही कमी होईल.