मायबोलीचे कवी नईम फ्राशेरी

आल्बेनियावर चार शतकांहून अधिक काळ तुर्की साम्राज्याची सत्ता होती. शाळा असत त्या बहुतेक तुर्की, नाहीतर ग्रीक. घरात आई जी भाषा बोले, तिला शाळेचे दार बंद! ते दार उघडण्यासाठी नईम फ्राशेरी यांनी जन्मभर लेखणी झिजविली.

फ्राशर या डोंगराळ खेड्यात १८४६ साली त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. वडील बंधू अब्दुल यांनी भावंडांना यानिना शहरी नेऊन शिकविले. हेच अब्दुल १८७८ साली प्रिझरेन संघाचे पुढारी झाले. धाकटे सामी यांच्या पुढाकाराने १८७९ साली मायबोलीची वर्णमाला सिद्ध झाली. त्या अक्षरांत प्राण ओतला तो नईम यांनी.

नवल असे, की इस्तंबूलच्या शिक्षण खात्यात पुस्तके तपासणे हीच त्यांची नोकरी होती! स्वतःची आल्बेनियन पुस्तके मात्र त्यांना दूर बुखारेस्टला छापून घ्यावी लागत. १८८६ साली तेथे त्यांचे गुरेढोरे व शेतीवाडीवरील काव्य निघाले. मुलांसाठी वाचनपुस्तकही निघाले. पुढच्याच वर्षी कोर्चा येथे मायबोलीची शाळा सुरू झाली, आणि १८९१ साली तेथेच मुलींचीही.

१९०० साली नईम निवर्तले. देशाचे स्वातंत्र्य १९१२ साली आले; ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. परंतु भगिनींनो, आईच्या तोंडची बोली लेकीच्या पाटीवर उमटली, हे त्यांनी जिवंतपणी पाहिले. कवीला याहून मोठे काय हवे?