धर्मशास्त्राचे साक्षेपी इतिहासकार

१९६३ साली 'भारतरत्न' किताबाच्या मानकऱ्यांत दोन नावे होती. एक तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे आणि दुसरे ऐंशी ओलांडलेल्या एका संस्कृत पंडिताचे. महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे यांच्या पाठीशी ना सत्तापद होते, ना राजकीय पक्ष. होते ते आयुष्यभराचे ग्रंथकार्य.

७ मे १८८० रोजी रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या काणे यांनी प्रारंभी शाळेत अध्यापन केले. पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली पत्करली. तो व्याप सांभाळूनच त्यांचे संस्कृत ग्रंथांचे संपादन चालू होते. नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' संपादित करताना प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास द्यावा, असा त्यांचा विचार होता. प्रस्तावनेत तो मावेना. त्यातूनच 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' हा इंग्रजी महाग्रंथ आकाराला आला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला, पाचवा पूर्ण होण्यास १९६२ साल उजाडले. एकूण पृष्ठे साडेसहा हजारांहून अधिक!

सूत्रे, स्मृती, भाष्ये आणि निबंधग्रंथ यांची कालक्रमाने छाननी करून काणे यांनी विवाह, वारसा, दत्तक यांविषयीचे नियम कसकसे बदलत गेले, हे साधार दाखविले. रूढीला शास्त्राचे नाव देऊन ती अचल ठरविणाऱ्यांना हे उत्तर शास्त्रग्रंथांतूनच मिळाले. हिंदू कायद्याचा अर्थ लावताना न्यायालयांनीही या ग्रंथाचा आधार घेतला.

या व्यासंगाची कदर सार्वजनिक जीवनात झाली. १९४७ ते १९४९ या काळात काणे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५३ ते १९५९ या काळात ते राष्ट्रपतिनियुक्त राज्यसभा सदस्य होते. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू उत्तराधिकार कायदा याच वर्षांत संमत झाले. ग्रंथाच्या चौथ्या खंडास १९५६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तर १९५९ मध्ये त्यांची राष्ट्रीय प्राध्यापकपदी नियुक्ती झाली.

१९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. धरणे आणि कारखाने उभारण्यात गुंतलेल्या देशाने पोथ्यांच्या अभ्यासकाला सर्वोच्च किताब दिला, ही घटना आजही मोलाची वाटते. नवे कायदे घडविणाऱ्या समाजाला आपला भूतकाळ नेमका ठाऊक असावा लागतो, याची ती जाहीर कबुली होती.