पुण्यश्लोक अहिल्याबाई : शोक आणि दिनचर्या

देवालयाचा जीर्णोद्धार म्हटला की आपणां सर्वांस अहिल्याबाई होळकरांचे स्मरण प्रथम होते. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, ठिकठिकाणचे घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांची यादी आपल्या घरांतील मुलांनाही पाठ असते. परंतु हे सर्व उभारणारे मन कोणत्या आघातांतून गेले होते, याचा विचार आम्ही क्वचितच करतो. या अंकी तेवढाच विचार करावयाचा आहे.

अहिल्याबाईंचा जन्म इ. स. १७२५ मध्ये अहमदनगरजवळच्या चौंडी या गावी शिंदे घराण्यात झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मालेराव व मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. इ. स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. त्या वेळी बाईंचे वय अवघे एकोणतीस वर्षांच्या आत होते. तत्कालीन रूढीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या असता वृद्ध सासऱ्यांनी त्यांना विनवून थांबविले. पुत्रही गेला आणि सूनही गेली तर आपण कोणाकडे पाहावे, असा त्यांचा आक्रोश होता. बाई थांबल्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे प्रयोजन आहे.

मल्हाररावांनी सुनेस केवळ जिवंत ठेवले नाही, तर तिच्या हाती काम दिले. दौलतीचा हिशेब, वसुली, फौजेची रसद हे सर्व त्या पाहू लागल्या. इ. स. १७६५ च्या सुमारास सुभेदारांनी त्यांस धाडलेल्या पत्रांत तोफखान्याची व्यवस्था कशी लावावी, इतक्या बारकाईच्या आज्ञा आढळतात. शोकग्रस्त माणसास केवळ सांत्वन पुरत नाही, आपली कोणास तरी गरज आहे ही जाणीवही लागते, हे त्या रांगड्या सेनानीस उमगले होते असे आम्हांस वाटते.

इ. स. १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले. गादीवर मालेराव आले, पण वर्षाच्या आतच तेही गेले. सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्यात कारभारी होता. त्याने बाईंना पाहिलेल्या लोकांना विचारून त्यांची हकीगत लिहून ठेवली आहे. तीनुसार मालेरावांनी संशयाने एका निरपराध कारागिराचा वध करविला आणि नंतर पश्चात्तापाने त्यांच्या चित्तास भ्रम झाला. लोक त्यास पिशाच्चबाधा म्हणत. माता रात्रंदिवस शय्येजवळ बसून त्या कल्पित पिशाच्चाची करुणा भाकीत असे. आज अशा रुग्णास वैद्याकडे नेले पाहिजे, हे आपण जाणतो. त्या काळी आईजवळ केवळ जागरण व प्रार्थना एवढेच होते.

पुत्रशोकाच्या त्या दिवसांतच राज्याच्या कारभाऱ्याने दत्तकाचा घाट घातला व राघोबादादा फौजेनिशी आले. बाईंनी स्वतः लढण्याची सिद्धता केली. पेशवे थोरले माधवराव यांनी त्यांचाच अधिकार मान्य केला. फौज तुकोजी होळकरांकडे सोपवून बाईंनी महेश्वर येथे नर्मदातीरी राहून सुमारे अठ्ठावीस वर्षे राज्य चालविले.

त्यांची दिनचर्या माल्कमने नमूद केली आहे. उजाडण्यापूर्वी तासभर उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, नंतर साधे भोजन व अल्प विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळपर्यंत. पुन्हा पूजा व फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत परत राजकाज. वर्षानुवर्षे हा क्रम सणवार व निकडीचे प्रसंग सोडून मोडला नाही.

मात्र ज्यांना वाटते की भक्तीने व नेमाने अश्रू आटतात, त्यांनी पुढील प्रसंग वाचावा. मुक्ताबाईंचा पुत्र तरुणपणी वारला, इ. स. १७९१ मध्ये जामात यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाईंनी सहगमनाचा निश्चय केला. सासऱ्याच्या विनवणीने जी स्वतः थांबली होती, तिने आता लेकीच्या पायांवर लोळण घेतली. पण लेक थांबली नाही. बाई प्रेतयात्रेबरोबर चालत गेल्या. ज्वाला उठताच त्यांचा धीर सुटला, आणि दोघा ब्राह्मणांनी धरून ठेवलेले आपलेच हात त्यांनी वेदनेने चावले. नर्मदास्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस अन्न जवळजवळ घेतले नाही, शब्दही उच्चारला नाही. चौथ्या मार्गाकडे मन वळले ते कन्या-जामातांच्या स्मारकाच्या बांधकामाने.

ज्या रूढीने हे घडविले ती पुढे कायद्याने बंद झाली, बंगाल इलाख्यात इ. स. १८२९ मध्ये, हे आम्ही ईश्वराचे उपकार मानतो. तीत गौरव करण्यासारखे काही नव्हते; त्या मातेचे हातच त्याची साक्ष देतात.

इ. स. १९९९ मध्ये नेदरलंड्समधील मार्गारेट स्ट्रोब व हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, शोक पचविणारे मन एकाच ठिकाणी राहत नाही. ते कधी दुःखास सामोरे जाते, कधी त्यापासून वळून नित्याच्या कामास लागते, आणि ही ये-जाच त्यास सावरते. केवळ रडणे किंवा केवळ काम, दोन्ही अपुरी. बाईंचे तीन दिवसांचे मौन आणि त्यानंतरचे बांधकाम यांत ही ये-जा स्पष्ट दिसते.

इ. स. १७९५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी महेश्वरी देह ठेवला.

आपल्या सभासद कुटुंबांतही दर वर्षी कोणाचे तरी आसन रिकामे होते. तेराव्यानंतर पाहुणे पांगतात आणि खरा एकांत तेव्हाच सुरू होतो. अशा घरी जाऊन धीर धरा एवढेच सांगून आपण परतू नये. रडणाऱ्यास रडू द्यावे, गप्प बसणाऱ्याजवळ गप्प बसावे, आणि योग्य वेळी मल्हाररावांप्रमाणे एखादे काम विश्वासाने त्याच्या हाती द्यावे. मग ते देवळातील फुलांचे असो वा हिशेबाच्या वहीचे. एवढी बुद्धी श्रीकृपेने आपणां सर्वांस होवो, हीच प्रार्थना.