बायोटिनची गोळी घेण्याआधी : डॉ. कमला सोहोनी यांचे आयुष्य काय सांगते?

केस गळू लागले की हल्ली बरेच जण आधी बायोटिनच्या गोळ्या सुरू करतात आणि मग दवाखान्यात येतात. आमच्या वडूजमध्येही हे नेहमी दिसते. तुमचाही तसा विचार असेल, तर आधी एका मराठी शास्त्रज्ञ बाईंची ओळख करून घ्या. ताटातल्या अन्नातून शरीराला नेमके काय मिळते, याच अभ्यासात त्यांचे आयुष्य गेले.

शिक्षणासाठी झगडा

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या अटीवर त्यांना घेतले गेले. तिथे त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

नंतर त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी नोबेल मिळालेले हॉपकिन्स तिथे जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. बटाट्यावर काम करताना कमलाताईंना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हा श्वसनाला लागणारा घटक आढळला. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

कडधान्ये आणि नीरा

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीत अध्यापन केले, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत संशोधन. १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. त्यांचाही त्यांनी अभ्यास केला. हुलगा, मटकी, घेवडा आपण नीट शिजवून खातो, त्यामागचे हे एक कारण. उष्णतेने हे घटक बरेच निकामी होतात.

याचा बायोटिनशी संबंध काय?

बायोटिनची गोष्टही अशीच आहे. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागातले ॲव्हिडिन नावाचे प्रथिन बायोटिनला धरून ठेवते आणि ते शरीराला मिळू देत नाही. अंडे शिजवले की हा अडथळा जातो. म्हणून रोज कच्ची अंडी पिऊ नका.

प्रौढांना दिवसाला साधारण ३० ते ४० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. उकडलेले अंडे, शेंगदाणे, तेलबिया, रताळे यांतून ते मिळते. बाजारातल्या काही गोळ्यांत मात्र १०,००० मायक्रोग्रॅम असते! कमतरता नसताना अशा गोळीने केस दाट होतात, याला भक्कम पुरावा नाही. केस गळण्यामागे बहुधा लोहाची कमतरता, थायरॉइड, बाळंतपण, मोठा ताप किंवा मानसिक ताण असतो. त्याची तपासणी आधी करून घ्या.

एक धोका लक्षात ठेवा. जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या ट्रोपोनिन तपासणीचे रिपोर्ट चुकू शकतात. त्यामुळे रक्त देण्याआधी तुम्ही ही गोळी घेता हे डॉक्टरांना सांगा. ती किती दिवस आधी थांबवायची ते तेच सांगतील. फिट्सची काही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत मात्र बायोटिन खरोखर कमी पडू शकते. त्यांनी स्वतःहून काहीही सुरू किंवा बंद करू नये.

ग्राहकांच्या बाजूने

उतारवयात कमलाताई ग्राहक चळवळीत उतरल्या. ग्राहकांनी विकत घेतलेली वस्तू सुरक्षित असावी, यासाठी त्यांनी लिहिले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज तुम्ही बायोटिनची बाटली हातात घ्याल, तेव्हा लेबलवरचा आकडा वाचा आणि तुम्हाला तिची खरोखर गरज आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.