सावित्रीबाई फुले व दुखणाइतांची सेवा

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ता. ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. मुलींच्या शाळांमुळे त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांचे अखेरचे कार्य दुखणाइतांचे होते, हे आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. इस्पितळात गेलेला परत येत नाही, या भयाने लोक रोग्यास घरातच लपवीत. बाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. रोगी येतील म्हणून बाई तेथे वाट पाहत बसल्या नाहीत. त्या स्वतः त्यांच्या दारी गेल्या. ज्यांस त्या काळी लोक शिवत नसत, अशा मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणिले. या सेवेतच त्यांस रोग जडला व ता. १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या.

आज बारामती व इंदापूर तालुक्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. आशा सेविकाही घरोघर जातात. तरी भीतीने किंवा संकोचाने घरीच कण्हत पडलेला एखादा शेजारी असतोच. औषधाआधी त्यास सोबत हवी असते. वाचकहो, त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत जाणे व त्याची पाळी येईपर्यंत तेथे बसणे एवढे तरी आपणांपैकी प्रत्येकास करिता येईल, असे आम्हांस वाटते.